दुरुस्ती: नाही

स्टॉर्म डायव्हर, अंक ११. दर्जा ९.२. पाने पांढरट. लेखन: नाही. दुरुस्ती: नाही.

हे डबीच्या माथ्यावर छापलेलं. डबी कडक, पारदर्शक, आत जुनं कॉमिक घालून दर्जा देणाऱ्या कंपनीने चारी बाजूंनी कायमची बंद केलेली. फोडली की दर्जा गेला. टोलेडोच्या युनियन हॉलमध्ये, रविवारच्या कॉमिक्स बाजारात, ती विक्रेत्या रस डेम्ब्रोस्कीच्या डोक्यामागे जाळीवर टांगलेली होती.

सकाळपासून त्याने तिची किंमत दोनदा बदलली होती. त्या अंकाच्या शेवटच्या पानावर एक खलनायिका पहिल्यांदा दिसते, आणि ती आता सिनेमात येणार अशी आवई उठली होती. नऊ वाजता अठ्ठावीसशे डॉलर. साडेदहाला चौतीसशे.

"अजून चढव," शेजारच्या टेबलावरून गस म्हणाला. "नटी ठरली म्हणे."

"कोण?"

"ते नाही ठरलं."

रसने हसत कोरी चिठ्ठी पुढे ओढली, पेन्सिल उचलली, आणि वर पाहिलं तर वॉकर ढकलत आर्लीन हॅच येत होती.

आर्लीन हॅच, ८१. कोपरे झिजलेले. कण्याला बाक. रंग उडालेला, पण मूळचा. (दिसेल त्याला दर्जा द्यायची ही सवय. बायकोलाही एकदा दिला होता.)

तिने दोन विसाच्या नोटा टेबलावर ठेवल्या. त्यावर एक पाचाची.

"हे तुझे चाळीस, बाळा. वर पाच, तुला त्रास म्हणून. माझं पुस्तक दे."

"कुठलं, मॅडम?"

"फेब्रुवारीत तुझ्या दुकानात खोकं विकलं होतं ना, चाळीसला. माझ्या भावाचं, डेनीचं. त्यातलं एक उघडून तू म्हणालास, आत नाव लिहिलंय, लिहिलेलं कुणी घेत नाही. ते."

रसला आठवत होतं. तो म्हणाला, "आठवत नाही."

"असं कसं? पहिल्या पानावर, खाली. पेन्सिलीनं, हे एवढं मोठं." तिने बोटांनी माप दाखवलं. "तो पाच वर्षांचा होता. मी त्याचा हात धरून लिहून घेतलं होतं. पहिल्यांदाच लिहिलं त्यानं आपलं नाव. आता झटक्यानं उजवी बाजू गेलीय. सारखं विचारतो, माझं नाव घातलेलं पुस्तक कुठाय. आणि मी त्याला न विचारता..." ती थांबली. "घर रिकामं करायचं होतं. पण विचारायला हवं होतं मी. लाज वाटते रे."

लाज वाटत होती ती तिलाच.

"नावाचं काही खरं नाही, आजी," गस मध्येच बोलला. "रबर फिरवण्यात टोलेडोत याचा हात कुणी धरत नाही!"

"आजी तुझ्या घरी," आर्लीन म्हणाली. पण हसली. गसही हसला. रस नोटांकडे बघत राहिला.

वीस मिनिटं लागली होती. मऊ रबर, पिसासारखा हात. पेन्सिल गेली तरी दाबाचा वळ राहतो. पाच इंग्रजी अक्षरांचा वळ, शेवटचं अक्षर कडेवरून घसरलेलं. मग पुस्तक गरम प्रेसखाली घातलं. वळही गेला. धंद्यात याला साफसफाई म्हणतात. दुरुस्तीत धरत नाहीत. नियमच तसा आहे.

आर्लीनची मान वर गेली.

"ते बघ! ते नव्हे का? अगदी तसंच."

"ते वेगळं, मॅडम."

"जरा उघड ना. पहिलंच पान."

"ते उघडता येत नाही."

"पुस्तक, आणि उघडता येत नाही?"

"वाचायला कोण घेतं इथे!" गस म्हणाला.

रसने जाळीवरून डबी काढली. का काढली, त्याला कळलं नाही. टेबलाच्या कडेवर एकदा जोरात आपटली असती तर फुटली असती. त्याने दोन्ही हातांनी ती तिच्यापुढे धरली. तिने चष्मा कपाळावर चढवला, नाक प्लास्टिकला लागेपर्यंत वाकली, आणि माथ्यावरची ओळ सावकाश, मोठ्याने वाचली.

"लेखन, नाही." ती सरळ झाली. "मग आमचं नव्हेच. हे किती स्वच्छ आहे. याला कुणा पोराचा हातच लागलेला नाही."

रस डेम्ब्रोस्की, ५४. समोरून ठीक.

"तसंच दुसरं बघू का तुमच्यासाठी?" तो म्हणाला. "फुकट देतो. पैसे उचला हे."

"दुसऱ्याचं काय करू? तो आधी नावच बघणार." तिने नोटा घडी करून पर्समध्ये घातल्या. "कुठे दिसलं तर फोन कर. एवढं करशील ना? नंबर घे."

त्याने किमतीची कोरी चिठ्ठी पालथी केली. ती सांगत गेली, तो लिहीत गेला.

"शेवटी आठ. तीन नाही, बाळा, आठ."

रसने पेन्सिल उलटी केली. मागचं रबर पत्र्यापर्यंत झिजत आलं होतं. ते त्याने त्या तीनवर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. गसच्या टेबलावर कुणीतरी घासाघीस करत होतं. मग त्याने पेन्सिल पुन्हा सुलटी केली, तीनवर काट मारली, आणि शेजारी आठ लिहिला.

"काट कशाला मारलीस?" आर्लीन म्हणाली. "रबर आहे की मागे."