डाळिंबाचं रोप

"दहा वर्षं करमाफी. नाहीतर आम्ही मोरोक्कोत जातो," ब्राँट म्हणाला आणि पुदिन्याच्या चहातले चिलगोजे चमच्याने काढून खाऊ लागला.

ही तिसरी बैठक. सरकारी गुंतवणूक कार्यालयाच्या मुन्सिफसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. ब्राँटच्या परदेशी कंपनीचा मोटारींच्या वायरिंगचा कारखाना, सहाशे नोकऱ्या. गेल्या वर्षी असाच एक परदेशी पाहुणा हातचा गेला, तेव्हा गावातल्या कॅफेत कोणी त्यांच्या सलामाला धड उत्तरही दिलं नव्हतं.

"पाच," शेजारून त्यांची सहायक दोरसाफ म्हणाली. "कायद्यात पाच आहेत. तेवढीच मिळतील."

साहेबांनी डोळे वटारले. तिने पाहिलंच नाही.

तिचे वडील जाऊन जेमतेम चाळीस दिवस झाले होते. कालही ती अर्धा दिवस रजेवर होती. वडिलांचं घर भाड्याने दिलंय, भाडेकरू बाईंना बागेत डाळिंब लावायचंय, जागा दाखवून येते, म्हणाली. पोरीचं चित्त ठिकाणावर नाही, साहेबांना वाटलं.

ब्राँट उठला. "संध्याकाळी कासाब्लांकाचं विमान आहे."

हात मिळवताना त्याच्या तळव्यावरचे फोड साहेबांना जाणवले. टेनिस खेळत असावा.

दार बंद झालं.

"बापाचं दुःख मी समजू शकतो, पोरी. पण सहाशे घरं बुडवलीस."

"चहा घ्या, साहेब. गार होतोय."

"घशाखाली उतरेल तर ना. मला निवृत्तीआधीच घरी बसवणार तू."

ती फायली आवरत राहिली. साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले, परत आले, पुन्हा गेले.

चार वाजता फोन आला. पाच वर्षं मान्य. उद्या सह्या.

साहेब खुर्चीत कोसळलेच. टाय सैल केला, हसले, डोळे पुसले आणि खजूर भरलेले मक्रूद मागवले. मघाचा गार चहा त्यांनी एका घोटात संपवला.

"आता सांग. एवढी छाती कुठून आणलीस?"

दोरसाफने मक्रूदचा लहानसा तुकडा मोडला.

"काल भाडेकरू बाईंनी विचारलं, डाळिंब धरायला किती वर्षं लागतील? मी म्हटलं, तीन तरी. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, मग आम्हालाच खायला मिळतील."

"मग?"

"नवरा पाठमोरा खड्डा खणत होता, साहेब. मला पाहिलं नाही ब्राँटसाहेबांनी."