न खेळलेली चाल

बुद्धिबळ स्पर्धेतले इतर डाव कधीच आटोपले होते. बाळाला मागच्या पडवीत निजवून खेळणारी मंजुषा दर चालीला वळून त्याला पाहून घेई. पण आता समोर बसलेल्या गुणवंतभाऊंना एका चालीत मात करता येत होती. ती चाल त्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून मंजुषा श्वास रोखून, पटावरच नजर ठेवून बसली. भाऊ मात्र तिच्या खांद्यावरून मागं बघत राहिले आणि घड्याळातली वेळ संपून हरले.

"भाऊ, मात दिसली नाई का?"

"दिसली ना, बाई. पण मोहरा पटावर वाजला असता, अन् बिबट्यानं मान वर केली असती. गेला आता. लेकराले उचला."

बाळाच्या दुपट्यावर चिखलाचा पंजा उमटला होता. जागं झालेलं बाळ पडवीमागच्या धानाच्या बांधीकडे बघून हसत होतं.