आश्रुबाचं भाकीत

"चीन, थायलंड अन् तिसरा आपला भारत," भागवतने ठणकावून सांगितलं आणि व्यंकटरावांनी फळ्यावर भारताच्या नावाखाली आणखी एक रेघ ओढली.

देवगाव फाट्यावरच्या व्यंकटरावांच्या हॉटेलात कापसाचा भाव पुसून फळा मोकळा केला होता. आशियाई स्पर्धेचा पहिला दिवस. पहिली पदकं कोणते देश नेणार हे ज्याने त्याने सगळ्यांसमोर सांगायचं, बरोबर येईल त्याला भज्यांची प्लेट फुकट. निवडणूक असो की क्रिकेट, फाट्याची ही जुनी रीत. फळ्यावर चढलेलं मग पुसायचं नाही. आज तर भाकिताला अक्कलसुद्धा लागणार नव्हती. पहिल्याच दिवशी मुलींचं वजन उचलणं होतं, आणि भारताकडून उचलणार होती गावचीच सुकेशनी. तिचा बाप, आश्रुबा गवंडी, कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. समोरचा चहा केव्हाच निवला होता.

"आता आश्रुबा," व्यंकटराव म्हणाले. "तुजं तर पक्कंच हाय. उगं रीत म्हणून सांग."

परवाच सुकेशनीने आश्रुबाला एकट्याला फोनवर सांगितलं होतं. सरावात उजवं कोपर सरकलं होतं. हलकं उचल, पण जडाला हात घातलास तर हा हात जन्माचा जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. "आईला सांगू नका, बाबा. कुणालाच सांगू नका." त्याने सांगितलं नव्हतं, पण तेव्हापासून घास नरड्याखाली उतरत नव्हता. परांचीवरून पडलेला त्याचा एक जोडीदार होता. त्याचा हात खांद्यापासून नुसता लोंबायचा, बायको भरवायची तेव्हा जेवायचा. डोळे मिटले की आश्रुबाला तोच हात सुकेशनीच्या अंगावर दिसे.

भारताच्या नावाखाली रेघाच रेघा झाल्या होत्या. एकेक रेघ म्हणजे लेकीच्या दांड्यावर चढवलेली एकेक चकती, असं त्याला वाटू लागलं. दृष्टबिष्ट तो मानत नव्हता. विहारात बसून चारचौघांना तसं समजावूनही सांगायचा. पण भीतीला कुठलं विहार आणि कुठलं देऊळ!

"चीन," तो म्हणाला. "थायलंड." तिसरं नाव सुकेशनीच्याच तोंडून अनेकदा ऐकलेलं होतं. "इंडोनेशिया."

खडू थांबला. "अन् भारत?"

"न्हाई."

व्यंकटरावांनी इंडोनेशियाचं नाव लिहून त्याखाली एकच रेघ ओढली.

"बाप हाईस का दुश्मन?" भागवत म्हणाला. "लेकीचं नाव घ्यायला जीभ झडायली का तुजी? का भज्यापायी देश इकायलास?"

आश्रुबाने मान खाली घातली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सुकेशनी होती. व्यंकटरावांनी टीव्हीचा आवाज लगेच कमी केला आणि सगळे कान बाकाकडे वळले.

"आत जायलेय, बाबा." आवाज बारीक होता. "फळा मांडला असंल फाट्यावर. काय म्हणायलेत?"

"सगळे म्हणायलेत, तुजं पदक पक्कं."

"अन् तुमी?" तिने विचारलं.

खोटं बोलावं, तर बापाच्या शब्दाला जागायला म्हणून पोरगी जडाला हात घालणार. खरं बोलावं, तर मैदानात उतरता उतरता तिचं मन मोडणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये सगळा फाटा कान देऊन बसलेला.

"म्या तुजं नाव न्हाई घेतलं, माय," तो म्हणाला.

फोन कट झाला. आपण लेकीला वाचवलं की तिच्या जिद्दीत तेल ओतलं, हे त्याला कळेना. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

टीव्हीवर सुकेशनी आली तेव्हा हॉटेलात शिट्ट्या झाल्या. कोपराला पट्टी होती. सुरुवातीची वजनं तिने उचलली, प्रत्येक वेळी टेबलांवर थापा पडल्या. चीन, थायलंड आणि इंडोनेशियाच्या मागे ती चौथी होती. आता फक्त शेवटची उचल. ती झाली तर इंडोनेशियाची पोरगी मागे पडणार होती. दांड्यावर चकत्या वाढल्या.

सुकेशनी वाकली. तिने दांडा धरला. आश्रुबाने डोळे मिटले आणि लगेच उघडले, कारण मिटल्यावर तो लोंबता हात दिसत होता. ती वाकलेलीच राहिली.

मग तिने दांडा सोडला. सरळ उभी राहिली. वजन जमिनीवरच होतं. वेळ संपल्याची घंटा वाजली.

"आगं उचल की!" भागवत टीव्हीवर ओरडला. "भ्याली. ऐनवेळी भ्याली पोरगी. जसा बाप तशी लेक."

कुणी तंबाखू मळायला लागलं, कुणी चपला शोधायला. व्यंकटरावांनी फळ्याकडे पाहिलं, आश्रुबाकडे पाहिलं. रीत ती रीत. कढईतून गरम भजी काढून त्यांनी प्लेट भरली आणि आश्रुबासमोर आदळली.

"घे. तुजं बरोबर आलं. खाय आता."

आश्रुबा टीव्हीकडे पाहत होता. सुकेशनी लोकांचा निरोप घेत होती. तिने दोन्ही हात वर केले. दोन्ही सरळ, सारखे वर गेले.

सगळा फाटा बघत असताना आश्रुबाने भजं उचललं. ते खाल्लं. मग दुसरं घेतलं.