गॅरेटचा फोटो

या, अगदी जवळ सरकून बसा. छोटीशी हकीकत सांगतो. ऐकून झाली की माझं एक काम मात्र करायचं.

पिट्सबर्गच्या आमच्या ऑफिसात आम्ही तिघं होतो: गॅरेट, प्रिसिला आणि मी. वेबपानाचे रंग, अक्षरं, चित्रं ब्राउझरमध्येच बदलून पाहता येतील असं साधन आम्ही बनवलं होतं. ते वापरून कसं वाटतं हे विचारायला एका सकाळी मिसेस हॅलोरन यांना बोलावलं. त्या आपल्या चर्चचं पान सांभाळायच्या. सरावाला आम्ही आमच्या तिघांच्या फोटोंचं पान दिलं.

"आणि काही बिघडलं तर?" त्यांनी विचारलं.

"बिनधास्त करा, मॅडम," गॅरेट म्हणाला. "पान पुन्हा उघडलं की सगळं होतं तसं."

त्यांनी मथळा निळा केला. मग गॅरेटचा फोटो लपवला.

"झकास! आता जरा शांतता मिळेल," प्रिसिला म्हणाली.

"जळा माझ्यावर," म्हणत गॅरेटने कॉफी ओतून घेतली.

मी पान पुन्हा उघडलं. मथळा पुन्हा पहिल्यासारखा काळा झाला. फोटो मात्र दोनच.

"गॅरेट, हे बघ," म्हणून मी वळलो. खुर्ची रिकामी होती. कपातून वाफ येत होती.

"कोण गॅरेट?" प्रिसिलाने विचारलं. ती थट्टा करत नव्हती.

मी पान पुन्हा उघडलं. पुन्हा उघडलं. मग ठरलेला प्रश्न विचारला, "कसं वाटलं, मॅडम?"

"सोपं आहे हो. काहीच त्रास झाला नाही."

मी ते लिहून घेतलं.

आता तुमचं काम. देवापुढे दिवा लावाल तेव्हा त्याचं नाव घ्या. गॅरेट. आडनाव कालपर्यंत मला आठवत होतं.