जुळ्यांतली धाकटी

मारिवेलचं बाळ फिलिपीन्समधल्या इलोइलो शहरातल्या दवाखान्यात पहाटे गेलं. अडीच महिने आधीच जन्मलेल्या मुलाला तिनं नऊ दिवस उघड्या छातीशी कापडी पट्ट्यात बांधून ऊब दिली होती. दुपारी ती पट्टा परत करायला वॉर्डात आली, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या तेरेसिताच्या जुळ्या मुलींतली धाकटी गार पडत चालली होती. दोघी मुली आईच्या एका छातीवर मावत नव्हत्या. मारिवेलनं ब्लाउजची बटणं सोडली. “ताई, इकडे द्या.” तेरेसिताची सासू खोकत मध्ये आली. “हिचं पोर आजच गेलंय आणि आपलं हिच्या हवाली करतेस?” “आई, तुम्ही खोकताय, लांब उभ्या राहा,” म्हणत तेरेसितानं धाकटी सोपवली. तासाभरानं तिची पावलं कोमट झाली. मारिवेल भिंतीकडे बघत होती. “नाव सांगू का हिचं?” तेरेसितानं विचारलं. “नको, ताई. नाव कळलं तर मला घरी जाववणार नाही.”