मुके काडतूस

मोंटानात हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला, त्या सकाळी वेंडेलने वडिलांच्या जुन्या रायफलीसाठी स्वतः भरलेली काडतुसे आईपुढे दिमाखात मांडली. अर्लीनबाईंनी एक उचलून कानाशी हलवले. आजची बिनधुराची दारू अर्ध्यापर्यंतच भरायची असते. काडतूस खुळखुळायला हवे होते. हे मुके होते. “किती भरलीस?” “पंचावन्न ग्रेन वजनाची. रायफलीच्या नावातच आहे की, अडतीस-पंचावन्न!” “अरे शहाण्या, तो आकडा आजोबांच्या काळातल्या काळ्या दारूचा! ही एवढी भरलीस तर रायफल तोंडावर फुटेल. पन्नाशी उलटली, तरी आईला विचारायला जीभ रेटत नाही!” “विचारू केव्हा? बाबा गेल्यापासून काडतुसं भरायच्या टेबलापाशी तू कुणाला फिरकू दिलंस?” ओठांवर आलेला हुकूम अर्लीनबाईंनी गिळला. भिंतीशी लोटलेली नवऱ्याची खुर्ची त्यांनी टेबलापाशी ओढली. “बैस,” त्या करवादल्या, “आधी ही सगळी रिकामी कर. हरणं उद्याही असतील.”