गोल्डक्रेस्टची गणना

इंग्लंडमधल्या नॉरफकच्या एका पाइनच्या राईतून गोल्डक्रेस्ट नाहीसे झाले, असं म्हातारा बर्ट्रम चार वर्षं पक्षिगणनेत लिहीत होता. अंगठ्याएवढा पक्षी, दाट झाडीत सहसा दिसत नाही, त्याच्या अगदी बारीक, उंच पट्टीतल्या आवाजावरूनच मोजायचा. यंदा त्याच्या सोबतीला पोस्टातून निवृत्त झालेली हेस्टर आली होती.

"मला पाच तरी ऐकू येताहेत," ती म्हणाली.

बर्ट्रमनं कान टवकारले. वाऱ्याशिवाय काही नव्हतं. "कुठे?"

"अहो, तुमच्या डोक्यावरच तर एक केव्हाचा गातोय."

त्यानं वर पाहिलं. सोनेरी डोक्याचा तो पक्षी खालच्याच फांदीवर बसला होता. चोच उघडत होती, मिटत होती. आवाज मात्र नव्हता.

बर्ट्रम बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं वही हेस्टरच्या हातात दिली.

"कसा गातोय," त्यानं विचारलं, "ते जरा सांगता का मला?"